क्रॉफर्डसाहेबाचा हप्ता

क्रॉफर्ड मार्केट माहीत नाही असा माणूस आमच्या कर्जत-खालापूर भागात सापडणं कठीण. घरात लग्न निघालं की सकाळची कर्जत लोकल धरायची, व्ही.टी.ला उतरायचं आणि चालत क्रॉफर्ड मार्केट गाठायचं, हा आमच्या लहानपणीचा ठरलेला क्रम. सुका मेवा तिथून, फळांच्या करंड्या तिथून, आणि परतताना आईच्या पिशवीत आमच्यासाठी एखादं अननस. त्या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव देऊनही बरीच वर्षं झाली, पण लोकांच्या तोंडी अजून क्रॉफर्डच. हा क्रॉफर्ड कोण, असं मात्र आम्ही कधी कुणाला विचारलं नाही. कोणीतरी मोठा साहेब असणार, एवढ्यावर आमचं समाधान होतं.

मोठा साहेब तर तो होताच. पण त्याची खरी ओळख मला झाली ती बँकेच्या नोकरीत, आणि तीही एका पोलीस फौजदाराच्या कर्जामुळे. तो फौजदार आणि हा साहेब यांच्यामध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ गेला होता. एक काळा, एक गोरा. एक ठाण्यातल्या खुर्चीवर, दुसरा पुण्यात कमिशनरच्या गादीवर. तरी दोघांच्या खात्यांचा आकडा मला एकच दिसत आला आहे. म्हणून आज ही दोन्ही खाती तुमच्यासमोर शेजारी शेजारी मांडतो.

आधी फौजदाराचं. नव्वदच्या दशकात मी आमच्या भागातल्या एका शाखेत अधिकारी होतो. शाखा कर्जत तालुक्यातली की खालापूर तालुक्यातली, हे सांगत नाही. बँकेचं आणि ठाण्याचं नावही सांगत नाही, कारण चूक नावात नव्हती. माझ्याकडे कर्जाचं टेबल होतं. शेतकऱ्याचं पीककर्ज, दुकानदाराचं कॅश क्रेडिट आणि नोकरदारांचं पगारावरचं कर्ज. नोकरदारांत शिक्षक जास्त, त्यांच्या खालोखाल पोलीस. शिक्षकाला कर्ज देताना हात आखडत नसे. पोलिसाची पगाराची पावती हातात घेतली की मात्र आधी शेवटच्या ओळीकडे नजर जायची. भविष्यनिर्वाह निधी, पतसंस्थेचा हप्ता, सोसायटीचा हप्ता, सणासाठी घेतलेली उचल. एवढं सगळं वजा जाऊन खाली जो आकडा उरे तो पाहून वाटायचं, हा माणूस महिना काढतो कसा?

हप्ता हा मराठीतला मोठा विचित्र शब्द आहे. बँकेत आम्ही तो दिवसातून शंभर वेळा उच्चारायचो. कर्जाचा हप्ता, थकलेला हप्ता, पुढचा हप्ता. बँकेच्या दारातून बाहेर पडून हमरस्त्यावर आलं की त्याच शब्दाचा अर्थ बदलायचा. तिथे हप्ता म्हणजे टपरीवाल्याने, ढाबेवाल्याने, वाळूच्या ट्रकवाल्याने ठाण्याला पोचवायची रक्कम. एकाच शब्दात देणंही आलं आणि लुटणंही आलं. हे दोन अर्थ एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत, हे मला त्या फौजदाराच्या खात्याने शिकवलं. त्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी साहेबाची.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड याचा जन्म १८३५ सालचा. तरुणपणीच तो मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीत आला. हुशार, कामाला वाघ, मराठी लोकांत मिसळणारा आणि हात सढळ. १८६५ साली मुंबई नगरपालिकेचा पहिला म्युनिसिपल कमिशनर म्हणून त्याची नेमणूक झाली. ते वर्ष लक्षात घ्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. रात्रीत कंपन्या निघत होत्या आणि शेअर हातोहात खपत होते. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं आणि सगळा फुगा फुटला. कालचे लक्षाधीश आज दिवाळखोर झाले. अशा शहराचा कारभार तिशीतल्या या माणसाच्या हाती आला.

त्याने काम केलं, आणि ते दिसेल असं केलं. त्या वेळच्या मुंबईत उघडी गटारं, मैल्याचे ढीग आणि दरसाल कॉलरा. डॉ. ह्यूलेट हे शहराचे आरोग्य अधिकारी. या जोडीने शहर घासून-पुसून काढायला घेतलं. गटारं झाली, रस्ते रुंद झाले, घाणेरडे बाजार हलवले गेले. कॉलऱ्याचा जोर ओसरला. मंडईची इमारत १८६९ मध्ये उभी राहिली. तिचा आराखडा विल्यम इमर्सनचा आणि दर्शनी भागावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची, म्हणजे जंगल बुकवाल्या रुडयार्डच्या वडिलांची. १८८२ मध्ये त्या मंडईत विजेचे दिवे लागले तेव्हा आमच्या खेड्यांत रॉकेलचा कंदीलसुद्धा चैनीची वस्तू असेल.

पण हे सगळं करताना साहेबाने तिजोरीकडे पाहिलं नाही. खर्च आधी, पैसा कुठून आणायचा हे नंतर. नगरपालिका कर्जात बुडाली, कर वाढले, करदाते खवळले. १८७१ मध्ये मुंबईत मोठी चळवळ झाली आणि क्रॉफर्डला ती खुर्ची सोडावी लागली. त्या चळवळीतून १८७२ चा नवा म्युनिसिपल कायदा आला आणि करदात्यांनी निवडलेले नगरसेवक आले. फिरोजशहा मेहता नावाचा तरुण बॅरिस्टर याच वादात प्रथम पुढे आला. मुंबईच्या नागरी कारभाराचा पाया, असं पाहिलं तर, एका उधळ्या अधिकाऱ्याच्या खर्चावर उभा आहे.

बँकेत आम्ही माणसाचं खातं पाहताना एक गोष्ट शिकतो. जो माणूस दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवत नाही, तो बहुधा स्वतःच्याही पैशाचा ठेवत नाही. क्रॉफर्ड गळ्यापर्यंत कर्जात होता. त्याची राहणी खर्चिक, हात मोकळा, मित्र पुष्कळ. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. आमच्या भाषेत याला टोपी फिरवणं म्हणतात. सरकारी नोकराने आपल्या अधिकाराखालच्या मुलखातल्या लोकांकडून पैसे उसने घेऊ नयेत, असा नियम तेव्हाही होता. साहेब कर्जबाजारी आहे, हे पुणे-मुंबईच्या सावकारांना ठाऊक होतं, क्लबातल्या गोऱ्यांना ठाऊक होतं आणि सरकारलाही ठाऊक होतं. तरी बढत्या थांबल्या नाहीत. रत्नागिरीचा कलेक्टर होऊन पुढे तो मध्य भागाचा कमिशनर झाला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर, नाशिक आणि खानदेश एवढा मुलूख त्याच्या हाताखाली आला.

आपला कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तो १८९१ मध्ये आला. तेव्हा खोपोलीत नाना फडणविसांच्या तलावाच्या काठी उभं राहून घाटाकडे पाहिलं तर घाटाच्या पायथ्याशी ठाण्याची हद्द, आणि घाटमाथ्यावरून क्रॉफर्डसाहेबाचा अंमल सुरू. खालच्या मामलेदाराची बदली वेगळ्या कमिशनरच्या हातात, वरच्या मामलेदाराची क्रॉफर्डच्या.

मामलेदार म्हणजे काय प्रकरण होतं हे आजच्या मुलांना कळायचं नाही. सारावसुली त्याच्याकडे, तिजोरी त्याच्याकडे, आणि वर फौजदारी अधिकारही. तालुक्यात चोरी झाली, मारामारी झाली, तर फौजदार आरोपीला धरून त्याच्यासमोर उभा करी आणि शिक्षा मामलेदार देई. गावोगावचे पोलीस पाटील त्याच्या नजरेखाली. लोकांच्या दृष्टीने सरकार ते हेच. या माणसाला दरमहा दीड-दोनशे रुपये पगार. त्याची बढती, बदली, बडतर्फी कमिशनरच्या एका सहीवर.

आणि ती सही विकायला निघाली होती, असा आरोप पुढे झाला. हणमंतराव राघवेंद्र नावाचा एक माणूस साहेबाच्या आणि मामलेदारांच्या मधे उभा होता. चांगला तालुका हवा, गैरसोयीची बदली टळावी, वरची श्रेणी मिळावी, तर आधी हणमंतरावाला भेटायचं. एकेका कामामागे शेकड्यांनी, कधी हजारांनी रुपये मोजले जात, असं मामलेदारांनी पुढे स्वतः सांगितलं. काहींनी हौसेने दिले, काहींनी भीतीपोटी. न देणाऱ्याची बदली दूरच्या, तापाच्या मुलखात होई.

आता मी बँकेतला माणूस म्हणून एक हिशेब करतो. हा हिशेब माझा आहे, कोणत्या दप्तरातला नाही. समजा, दोनशे रुपये पगाराच्या मामलेदाराने दोन हजार रुपये द्यायचे आहेत. एवढी शिल्लक कुठून असणार? तो सावकाराकडे जाईल. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज धरलं तर महिन्याला चाळीस रुपये नुसतं व्याज. पगाराचा पाचवा हिस्सा गेला आणि मुद्दल जागच्या जागी. मुद्दल फेडायचं तर आणखी पैसा हवा. तो पगारातून येणार नाही. मग तो कुठून येणार? कुळकर्ण्याकडून, पाटलाकडून, खटल्यातल्या फिर्यादीकडून आणि आरोपीकडूनही. आणि ज्या सावकाराचं देणं डोक्यावर आहे, त्याच सावकाराने उद्या एखाद्या कुणब्याविरुद्ध दावा घेऊन यावं, तर न्याय कोणाच्या बाजूने जाणार?

म्हणजे पाहा, साहेबाचं कर्ज पुण्यात. त्याचं व्याज भरणारा मामलेदार तालुक्यात. आणि शेवटी ते मुद्दलासकट फेडणारा माणूस आडगावात, ज्याने साहेबाचं नावही ऐकलेलं नाही. पाणी उतारावर धावतं, तसं कर्जही वरून खाली वाहतं. सगळ्यात खाली जो असतो त्याला ते दुसऱ्यावर ढकलायला जागा नसते. आमच्याकडचे ठाकूर आणि कातकरी पावसाळ्यात पोटासाठी खावटी घ्यायचे आणि सुगीत दीडपटीने परत द्यायचे. ते तोडण्यासाठी भाई कोतवालांनी कर्जत तालुक्यात धान्यकोठ्या काढल्या, ही गोष्ट पुढच्या शतकातली. पण खालच्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं जुनंच.

१८८८ मध्ये हे गळू फुटलं. लॉर्ड रे तेव्हा मुंबईचे गव्हर्नर. त्यांनी चौकशी लावली. हणमंतरावाला धरलं, त्याच्यावर खटला चालला आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. क्रॉफर्डला निलंबित केलं. तेव्हा या माणसाने जे केलं ते कादंबरीत लिहिलं तर संपादक खोडून टाकील. तो वेष पालटून पुण्यातून निसटला आणि मुंबईत पोलिसांच्या हाती लागला. पुणे-मुंबई रेल्वे तेव्हाही बोरघाट उतरून कर्जतवरूनच जात होती. ज्याच्या नावाची मंडई मुंबईत दिमाखात उभी होती, तोच माणूस त्याच शहरात तोंड लपवत आला. कर्ज माणसाला कोणत्या थराला नेतं, याचं याहून वेगळं उदाहरण मी देऊ शकणार नाही.

पुढे पुण्यात चौकशी आयोग बसला. अध्यक्ष कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन. साहेबाच्या बाजूने इन्व्हेरॅरिटीसारखा नामांकित बॅरिस्टर. मामलेदारांना साक्षीला आणायचं कसं, हा सरकारपुढे प्रश्न होता. लाच देणं हाही गुन्हा. मी दिली, असं म्हणणारा स्वतःच अडकतो. म्हणून सरकारने अभय दिलं. खरं सांगा, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही, अशा अर्थाचं वचन. त्या वचनावर विसंबून ते उभे राहिले आणि भर चौकशीत आपली अब्रू त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली.

निकाल काय लागला? लाच घेतल्याचे आरोप सिद्ध झाले नाहीत, असं आयोगाने म्हटलं. देशी साक्षीदारांच्या शब्दावर गोऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरायला आयोग तयार झाला नाही. मुंबई सरकारला हे पटलं नाही. पण एक गोष्ट आयोगालाही नाकारता आली नाही. आपल्या अंमलाखालच्या लोकांकडून त्याने कर्जं घेतली होती. तेवढ्यावर त्याला नोकरीतून काढण्यात आलं. पुष्कळांना हा निकाल हास्यास्पद वाटला. लाचेतून सुटला आणि उधारीत सापडला. मला मात्र पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर वाटतं की आयोगाच्या हाती नकळत खरी मुळी लागली होती. लाच हे फळ, उधारी हे मूळ. फळ पुराव्यात सापडलं नाही, मूळ सापडलं. ते आधीच उपटलं असतं तर हे झाडच वाढलं नसतं. आणि ते सर्वांना वीस वर्षं दिसत होतं.

मामलेदारांचं पुढे जे झालं, त्याची आठवण कमी लोकांना आहे. साहेब सुटला, आता या कबुलीजबाब देणाऱ्यांचं काय, असा कालवा इंग्रजी वर्तमानपत्रांनी आणि पार्लमेंटातल्या मंडळींनी केला. लाचखोर म्हणून स्वतःच्या तोंडाने सांगणारे लोक न्यायदानाच्या खुर्चीवर बसतात कसे? बोट ठेवलं गेलं ते हुद्द्यांच्या खरेदी-विक्रीला बंदी करणाऱ्या १८०९ च्या विलायती कायद्यावर. मुंबई सरकारने दिलेलं अभयवचन वरच्या सरकारला पुरतं पाळता येईना. शेवटी १८८९ मध्ये साक्षीदारांना खटल्यांपासून वाचवणारा खास कायदा करावा लागला. पण नोकरी सर्वांची वाचली नाही. ज्यांनी दडपणाखाली दिले त्यांना एक न्याय, ज्यांनी आपण होऊन दिले त्यांना घरचा रस्ता.

त्या वेळी तिशी-बत्तिशीतले एक संपादक या मामलेदारांच्या मागे उभे राहिले. त्यांचं नाव बाळ गंगाधर टिळक. लाच देणं चांगलं, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सरकारने शब्द दिला, त्या शब्दावर लोकांनी खरं सांगितलं. आता शब्द मोडाल तर पुन्हा कोणी खरं सांगणार नाही, हा त्यांचा मुद्दा. सप्टेंबर १८८९ मध्ये पुण्यात सभा झाली, विलायतेत तारा गेल्या, विल्यम डिग्बींसारख्या माणसांमार्फत पार्लमेंटात प्रश्न पोचले. टिळकांच्या सार्वजनिक आयुष्यातली ही सुरुवातीची मोठी लढाई. लोकमान्य म्हटलं की आपल्याला मंडाले आठवतं, होमरूल आठवतं. कर्जात रुतलेल्या काही लहान अधिकाऱ्यांचा कैवार घेतलेला तरुण संपादकही आठवायला हवा.

आता माझा फौजदार.

तो आमच्या भागात बदलून आला तेव्हा चाळिशीचा होता. बोलायला गोड, अंगाने धिप्पाड, डोळ्यांखाली काळं. ही बदली त्याला फुकट मिळालेली नाही, अशी कुजबुज होती. खरं-खोटं मला माहीत नाही. एक्स्प्रेसवे व्हायचा होता. मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक खालापूर-खोपोलीवरून जुन्या रस्त्याने जायची. जमिनींना नुकते भाव फुटू लागले होते, मुंबईचे लोक शेतघरं घ्यायला कर्जतकडे येत होते. अशा भागातल्या ठाण्याला किंमत येते, एवढं शहाणपण पेपर वाचणाऱ्या कोणालाही असतं.

एक दिवस तो पगाराच्या पावत्या घेऊन आला. मुलीचं लग्न होतं. पतसंस्थेचं कर्ज होतं, दुसऱ्या एका बँकेचं होतं, आणि हातउसने किती याचा त्याने अंदाजच दिला नाही. शेवटच्या ओळीवरचा आकडा पाहिला आणि मला कळलं की या पगारातून आमचा हप्ता जाणं शक्य नाही. नियमाने मी अर्ज परत करायला हवा होता. पण आठवड्यातून एकदा आमची रोकड जिल्ह्याच्या शाखेत जायची आणि तिच्याबरोबर पोलीस लागायचा. वसुलीला गेलं की कधी दमदाटी व्हायची, तेव्हा ठाण्यातून एक शिपाई आला तर बरं पडायचं. मी शिफारस केली. दोन शिपाई जामीन राहिले. साहेबाने सांगितल्यावर शिपाई नाही कसं म्हणणार?

पहिले दोन हप्ते त्याने स्वतः भरले. तिसऱ्या महिन्यापासून हप्ता भरायला वेगळाच माणूस येऊ लागला. रस्त्यावरच्या एका ढाब्याचा मालक. महिन्याच्या पाच तारखेला तो रांगेत उभा राही, भरणा पावतीवर फौजदाराचा खाते क्रमांक लिही, रोख मोजून देई आणि शिक्का मारलेलं अर्धुक खिशात घालून निघून जाई. ठाण्यात पोचवायचा हप्ता तो थेट बँकेतच पोचवत होता. दोन हप्त्यांचा एक हप्ता झाला होता आणि त्यावर शिक्का आमच्या बँकेचा होता.

मी हे पाहिलं. रोखपालाने पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि काम चालू ठेवलं. खातं नियमित होतं. प्रादेशिक कार्यालयातून थकबाकीबद्दल विचारणा होत नव्हती. कोणाचेही पैसे कोणीही भरू शकतो, असा नियम आहे. त्या नियमामागे मी अकरा महिने उभा होतो.

बाराव्या महिन्यात फौजदाराची बदली झाली. ढाबेवाला यायचा बंद झाला. नव्या साहेबाचं काही वेगळं ठरलं असेल. खातं थकलं. नोटिसा गेल्या, त्या परत आल्या. शेवटी कायदा सांगतो तेच आम्ही केलं: जामीनदारांच्या पगारातून कपात. त्यातला एक शिपाई मला भेटायला आला. गणवेशात नव्हता, साधा सदरा-लेंगा घालून आला होता. बरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा. त्याने विचारलं, साहेब, मी एक रुपयाही घेतला नाही, मग मी का भरायचं? मी त्याला जामीनपत्रावरची त्याची सही दाखवली. सही त्याचीच होती. तो काही न बोलता उठला. जाताना मुलाने मला नमस्कार केला. शाळेत शिकवलेलं असेल.

क्रॉफर्डच्या प्रकरणाबद्दल मी वाचलं ते त्यानंतर, टिळकांच्या चरित्राच्या निमित्ताने. मामलेदारांच्या प्रकरणाशी पोचलो तेव्हा तो शिपाई आठवला. तेव्हापासून मी मनाशी विचारत आलो आहे की या गोष्टीत मी कोण? फौजदार नाही, हणमंतराव नाही. ज्या सरकारला सगळं दिसत होतं आणि जे बढत्या देत राहिलं, ते मी.

आज नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत सवयीचा कर्जबाजारीपणा टाळण्याची आज्ञा आहे आणि ज्यांच्याशी कामाचा संबंध येतो त्यांच्याकडून उसनवारी करायला मनाई आहे. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने पोलिसांच्या बदल्यांसाठी आस्थापना मंडळं नेमायला सांगितली आणि २०१४ मध्ये आपल्या राज्याच्या पोलीस कायद्यात ती आली. उद्देश हाच की बदली ही बाजारातली वस्तू होऊ नये.

हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. थायलंडच्या संसदेत फेब्रुवारी २०२१ मध्ये एका विरोधी खासदाराने पोलिसांच्या बढत्यांसाठी चालणाऱ्या शिफारशींच्या चिठ्ठ्यांचा प्रश्न मांडला. तिथे त्यांना हत्तीचं तिकीट असं नाव पडलं आहे. त्याच देशाच्या सरकारने २०२२ हे वर्ष घरगुती कर्जं सोडवण्याचं म्हणून जाहीर केलं, आणि त्यात शिक्षकांच्या नि पोलिसांच्या कर्जाचा वेगळा विचार केला. यातली दुसरी गोष्ट मला जास्त शहाणपणाची वाटली. पोलिसाचं कर्ज हा त्याच्या घरातला खासगी मामला नसून ज्याला कधीतरी रात्री ठाण्यात जावं लागतं अशा प्रत्येक नागरिकाचा तो मामला आहे, हे कोणीतरी मान्य केलं.

यावर कोणी म्हणेल, पोलिसालाच का बोल लावता? कर्ज कोणाला नाही? खरं आहे. गळके क्वार्टर, बारा-बारा तासांची ड्यूटी, सणाला घरी नाही, मुलांच्या शिक्षणाला शहरात खोली घ्यावी लागते. पोलिसाचं कर्ज नेहमीच चैनीचं नसतं. म्हणूनच ते वेळीच पाहायला हवं. शिक्षकाने कर्ज थकवलं तर बँकेचं नुकसान होतं. ज्याच्या हाती दंडुका आणि लेखणी दोन्ही आहेत त्याचं कर्ज थकत नाही. ते दुसरंच कोणीतरी भरतं. आणि खातं नियमित दिसतं, म्हणून सगळे स्वस्थ बसतात.

क्रॉफर्ड पुढे विलायतेत जाऊन लिहू लागला. १८९४ मध्ये त्याचं एक पुस्तक निघालं. त्याचं नाव रेमिनिसन्सेस ऑफ ॲन इंडियन पोलीस ऑफिशियल, म्हणजे एका हिंदुस्थानी पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी. स्वतः पोलिसांच्या हाती सापडलेल्या माणसाने पोलिसाच्या नावाने पुस्तक लिहावं, हा योग मोठा. कोकणातल्या दंतकथाही त्याने जमवल्या आणि १९०९ मध्ये छापल्या. या मुलखावर त्याचा जीव होता, यात शंका नाही. १९११ मध्ये तो वारला. मामलेदारांपैकी कोणाच्या नावाने मंडई नाही.

मध्यंतरी नातीला घेऊन क्रॉफर्ड मार्केटला गेलो होतो. तिने वर कोरलेल्या चित्रांकडे बोट दाखवून विचारलं, क्रॉफर्ड कोण होता? मी सांगितलं, फार कामाचा माणूस होता, पण उधारीवर जगायचा. मग त्याची उधारी कोणी फेडली, असं तिने विचारलं.

परतीच्या लोकलमध्ये कर्जत येईपर्यंत मी तिला तेच सांगत होतो. फौजदाराची गोष्टही सांगितली, ढाबेवाल्याची सांगितली. शिपायाबरोबर आलेल्या त्या मुलाची सांगायची राहिली. तीही सांगेन. तो आता पंचेचाळिशीच्या आसपास असेल.